शेवटचा पगार आणि मालकाची वजावट

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी संयोजकांनी मला दिलेला विषय वरकरणी लहान आहे. कामगार नोकरी सोडतो किंवा त्याला काढले जाते. जाताना त्याच्या हाती जो शेवटचा पगार पडावयाचा, त्यातून 'तुझ्याकडे आमचे इतके येणे आहे' असे म्हणून मालक रक्कम कापून घेतो. असे करण्याचा त्याला अधिकार आहे काय, असल्यास किती, आणि तो कोणत्या रीतीने बजावावयाचा, एवढाच प्रश्न. मोठ्या सिद्धान्तांच्या चर्चेची सवय असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हा वकिलाच्या कचेरीतला प्रश्न वाटण्याचा संभव आहे. परंतु युनियनच्या कचेरीत संध्याकाळचा तासभर जो कोणी बसला असेल त्याला ठाऊक आहे की, तेथे येणाऱ्यांपैकी पुष्कळजण हेच गाऱ्हाणे घेऊन येतात. आणि ते बहुधा उशिरा येतात. कागदावर सही करून झाल्यावर येतात.

चालू नोकरीत पगार कापला गेला तर कामगाराला निदान पाय रोवायला जागा असते. बाजूच्या यंत्रावर सहकारी असतो, खात्यात युनियनचा प्रतिनिधी असतो, पुढच्या महिन्यात पुन्हा भांडता येते. शेवटच्या पगाराच्या वेळी यातले काहीच उरत नाही. फाटकावरचा पास काढून घेतलेला असतो. नव्या ठिकाणी रुजू होण्यासाठी कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला हवा असतो, आणि ते दोन्ही कागद त्याच माणसाच्या टेबलावर असतात जो हिशेब करीत असतो. अशा वेळी मालक स्वतःच फिर्यादी होतो, स्वतःच निकाल देतो आणि बेलिफ म्हणून वसुलीही स्वतःच करतो. एरवी कोणत्याही सावकाराला, व्यापाऱ्याला, घरमालकाला जी सोय कायद्याने दिलेली नाही, ती हा माणूस केवळ तिजोरी आपल्याकडे आहे एवढ्या बळावर घेतो.

या व्यवहारात धनको कोण आणि ऋणको कोण, हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण सारा गोंधळ येथेच आहे. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात एक साधी गोष्ट दाखवून दिली आहे: कामगार आपली श्रमशक्ती आधी देतो आणि तिचे मोल त्याला आठवड्याने अथवा महिन्याने मिळते, म्हणजे मालक कामगाराला पोसत नसून कामगारच मालकाला रोज उधार देत असतो. मालकाचे दिवाळे निघाले की ही उधारी बुडते, तेव्हा ती उधारी होती हे सर्वांना कळते. महिनाभर राबून एकोणिसाव्या दिवशी जो माणूस फाटकाबाहेर पडतो, तो एकोणीस दिवसांचा धनको म्हणून बाहेर पडतो. मालकाचे त्याच्याकडे काही येणे असेलही. पण ते दुसरे खाते आहे, आणि ते अजून सिद्ध व्हावयाचे आहे. सिद्ध झालेले देणे न सिद्ध झालेल्या येण्यात बुडवून टाकणे, याला आपल्याकडे 'हिशेब चुकता करणे' असे भारदस्त नाव आहे.

ही चाल आजची नाही. १८५९ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. ज्या कारागिराने वा मजुराने उचल घेतली आणि काम सोडले, त्याला मॅजिस्ट्रेटपुढे खेचता येत असे. मॅजिस्ट्रेट पैसे परत करण्याचा अथवा काम पुरे करण्याचा हुकूम देई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने मजुरी बुडविली तर मात्र मजुराने दिवाणी दाव्याचा मार्ग धरावा! कामगाराचे कर्ज हा गुन्हा आणि मालकाचे कर्ज हा व्यवहार, अशी ही वाटणी १९२५ साली तो कायदा रद्द होईपर्यंत चालू होती.

मुंबईच्या गिरण्यांत निराळीच व्यवस्था होती. तेथे महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात दहा-पंधरा दिवस उलटून गेल्यावर मिळे. मधल्या काळात घर कशावर चालवावयाचे याचे उत्तर गिरणगावातल्या पठाणाच्या आणि मारवाड्याच्या वहीत लिहिलेले असे. नोटीस न देता जो गेला त्याचा हा अडकलेला पगार गिरणीने गिळून टाकावयाचा, हा रिवाज. विणकराच्या मागावर कापड बिघडले की ते कापडच त्याच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. सूत कुजके होते की माग जुना होता, हे विचारावयाचे नाही. आणि 'डबल खाडा' हा शब्द तर आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको: एक दिवस गैरहजर, दोन दिवसांचा पगार कापला.

१९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनने या दंड-वजावटींची दखल घेतली. ना. म. जोशी या कमिशनचे सदस्य होते. १९३१ साली त्याचा अहवाल आला आणि १९३६ साली वेतन प्रदान अधिनियम झाला. दंडाची मर्यादा त्या कायद्यात रुपयामागे अर्धा आणा अशी घातलेली होती. आज आपण तीन टक्के म्हणतो ते या अर्ध्या आण्याचेच दशमान रूप. पण त्या कायद्याचे खरे मोल अर्ध्या आण्यात नव्हते. ते एका वाक्यात होते: कायद्याने परवानगी दिलेल्या वजावटींव्यतिरिक्त कोणतीही वजावट करता येणार नाही. म्हणजे मालकाला काय कापता येत नाही याची यादी नव्हे, तर काय कापता येते याची यादी. यादीत नाही ते कापावयाचे नाही. करारात लिहिलेले असले तरी नाही, कामगाराने सही केलेली असली तरी नाही. कारण कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार रद्दबातल, असेही त्या कायद्याने सांगितले होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा गेला आणि २०१९ ची वेतन संहिता अमलात आली. चार संहितांविषयी आपली भूमिका सर्वांना माहीत आहे, आणि ती बदलण्याचे कारण मला दिसत नाही. तपासनीसाचे 'सुकरकर्ता' केले, खटल्याआधी मालकाला सुधारण्याची संधी देणे सक्तीचे केले, आणि दंडाच्या निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटविण्याची वाट काढून दिली. परंतु विरोध करावयाचा म्हणून शत्रूच्या तटबंदीत आपल्या उपयोगाचे जे दरवाजे राहिले आहेत ते न पाहणे, हा शहाणपणा नव्हे. वजावटीच्या बाबतीत १९३६ च्या कायद्याचा सांगाडा संहितेत बहुतेक तसाच राहिला आहे, आणि दोन-तीन ठिकाणी तो मजबूतही झाला आहे. पूर्वी महिना २४,००० रुपयांहून अधिक वेतन असणाऱ्याला त्या कायद्याचे दार बंद होते. ही मर्यादा आता नाही. म्हणून हिंजवडीच्या संगणक कंपनीतला तरुणही या बाबतीत चाकणच्या फिटरच्या रांगेत येऊन उभा राहिला आहे, त्याला ते आवडो वा न आवडो. अर्ज करण्याची मुदत पूर्वी बारा महिन्यांची होती, ती तीन वर्षांची झाली. आणि बेकायदा वजावटीची तक्रार झाली की देणे दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे.

मुख्य तरतुदी थोडक्यात सांगतो. कामगाराने राजीनामा दिलेला असो, त्याला बडतर्फ केलेले असो, कपातीत काढलेले असो वा कारखाना बंद पडलेला असो, त्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांच्या आत दिले पाहिजे. 'पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात येईल', 'मुख्य कचेरीची मंजुरी यावयाची आहे', 'पंचेचाळीस दिवसांनी या' ही उत्तरे कायद्यात नाहीत. वजावट यादीतलीच असली पाहिजे आणि सर्व वजावटी मिळून त्या वेतनकाळाच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कामगाराने मालकाला अथवा त्याच्या हस्तकाला केलेला कोणताही भरणा हीसुद्धा वजावटच समजली जाते. हे शेवटचे वाक्य विसरू नका. कारण 'आम्ही काहीच कापत नाही, तूच आधी अमुक इतके भर आणि मग दाखला ने' ही पळवाट हुशार मालकांनी केव्हाच शोधून काढली आहे, आणि कायद्याने ती आधीच बुजविलेली आहे.

आता एक कागद पाहू. गेल्या वर्षी एका लहान कारखान्यातून बाहेर पडलेला यंत्रकामगार तो घेऊन आमच्याकडे आला होता. महिना १९,५०० रुपये पगार. एकोणीस दिवसांचे १२,३५० आणि आठ दिवसांच्या शिल्लक रजेचे ५,२०० मिळून जमा बाजू १७,५५०. वजा बाजूला पंधरा दिवसांच्या नोटिशीचे ९,७५०, गणवेश व बूट २,४००, मोडलेला व्हर्निअर ४,८०० आणि 'प्रशिक्षण' १,५००, एकूण १८,४५०. म्हणजे एकोणीस दिवस राबून आणि आठ दिवसांची रजा सोडून हा माणूस मालकाचे ९०० रुपये देणे लागत होता! ते 'माफ करण्यात येत आहेत' असे खाली लिहिलेले होते, आणि त्या औदार्याच्या खाली सहीची जागा.

ओळीओळीने तपासा. व्हर्निअर घ्या. नुकसानीची वजावट यादीत आहे, पण तिला चार कुंपणे आहेत. वस्तू कामगाराच्या ताब्यात जपण्यासाठी स्पष्टपणे सोपविलेली असली पाहिजे. नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे. वजावट नुकसानीच्या रकमेहून अधिक असता कामा नये. आणि वजावटीपूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. सहा वर्षे तीन पाळ्यांत हातोहात फिरलेला व्हर्निअर कोणाच्या ताब्यात होता? तो झिजून गेला की हयगयीने मोडला? आणि सहा वर्षांच्या जुन्या मापाची भरपाई नव्याच्या किमतीने कोणत्या न्यायाने? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते, कारण प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. गणवेशाचे म्हणाल तर, सोयी-सुविधांबद्दलची वजावट यादीत आहे. परंतु कामासाठी लागणारी हत्यारे आणि कच्चा माल पुरविणे ही 'सुविधा' नव्हे, असा खुलासा कायद्यातच केलेला आहे. जो बूट घातल्यावाचून खात्यात पाऊल ठेवू देत नाहीत, तो बूट कामाचे साधन आहे की मालकाने केलेली मेहेरबानी, हे आपण तेथे भांडून ठरवून घेतले पाहिजे. रखवालदारांच्या ठेकेदारांनी तर गणवेशाच्या पैशावर दुसरा धंदाच उभारला आहे. 'प्रशिक्षण' नावाची वजावट यादीत कोठेही नाही.

राहिली नोटीस. ही रक्कम सर्वांत मोठी असते, आणि कामगाराच्या मनातही येथे अपराधाची भावना असते: 'मी सांगून गेलो नाही, तेव्हा कापले तर कापले.' नोटीस देण्याचे बंधन करारात असेल तर ते पाळावे, हे मी म्हणेनच. पण ते मोडल्यास नोटिशीचा पगार शेवटच्या वेतनातून कापून घ्यावा, असे स्वतंत्र कलम वजावटींच्या यादीत मला सापडलेले नाही. नोटिशीबद्दलच्या वेतनाची वजावट एकाच ठिकाणी स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, करारातील नोटीस न देता आणि वाजवी कारणावाचून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येते. १९३६ च्या कायद्यात हे वाक्य होते, संहितेत ते तसेच उतरले आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. एकटा कामगार न सांगता गेला तर कायदा गैरहजेरीच्या दिवसांपुरताच बोलतो. दहाजण मिळून बाहेर पडले की त्याला आठ दिवसांची कुऱ्हाड आठवते. इंग्रज गेले, अर्धा आणा गेला, वेतन प्रदान अधिनियमही गेला. दहा कामगारांच्या एकजुटीची धास्ती मात्र जागच्या जागी आहे.

यावर मालकांचे वकील म्हणतील की करारभंगाची भरपाई मागण्याचा हक्क तर आम्हाला आहेच. असेल. २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचे कलम वैध ठरविले. त्या निकालाशी मी सहमत नाही, पण तो आहे. मात्र एखादे येणे वैध असणे ही एक गोष्ट, आणि ते दुसऱ्याच्या वेतनातून आपल्या हाताने काढून घेणे ही निराळी गोष्ट. वाण्याची उधारी वैध असते. म्हणून वाणी पगाराच्या दिवशी फाटकावर उभा राहून तुमचे पाकीट काढून घेऊ शकत नाही. त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते. आणि तेथेही काय होते पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे मजुरांचे आणि घरगड्यांचे वेतन जप्तच करता येत नाही. पगारदाराच्या पगारातलेही पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सामान्यतः जप्तीपलीकडे असतो. न्यायालयाचा हुकूमनामा हाती असलेल्या सावकाराला जे मिळत नाही, ते हुकूमनाम्यावाचून मालकाने घ्यावे, हे कोणत्या न्यायशास्त्रात बसते?

निम्म्याची मर्यादा शेवटच्या पगारालाही आहे, यावर मी मुद्दाम भर देतो. कारण सर्व देशांत असे नाही. इंग्लंडमध्ये १८९६ च्या ट्रक अॅक्टाने दंड आणि वजावटींना बांध घातला होता. थॅचरबाईंच्या राजवटीत १९८६ साली तो बांध काढून नवा कायदा केला गेला. आज तेथे जो १९९६ चा कायदा आहे, त्यात दुकान-कामगाराच्या गल्ल्यातील तूट त्याच्या पगारातून कापताना एक-दशांशाची मर्यादा आहे. पण ही मर्यादा शेवटच्या पगाराला लागू नाही. म्हणजे नेमक्या ज्या क्षणी माणसाला संरक्षणाची अधिक गरज, त्या क्षणी छत्री मिटवून घ्यावयाची. आपल्या कायद्यात असा अपवाद नाही. निम्मे वेतन हातात पडलेच पाहिजे. मालकाचे येणे त्याहून मोठे असेल आणि पुढचा पगारच नसेल, तर उरलेल्यासाठी त्याने इतर धनकोंप्रमाणे न्यायालयाची पायरी चढावी, अशी आपली भूमिका असली पाहिजे.

आता आपल्याच बाजूची एक अडचण सांगतो. ती टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. कामगाराचे सर्वच देणे खोटे असते असे नाही. कोणी मुलीच्या लग्नासाठी उचल घेतलेली असते, कोणी घरासाठी कर्ज. उचलीची वसुली यादीत आहे आणि ती असावी. घेतलेली उचल बुडविणाऱ्याची वकिली करणे हे युनियनचे काम नव्हे. त्याहून अवघड प्रश्न पतपेढीचा. कामगारांची सहकारी पतपेढी हे आपल्या चळवळीचे अपत्य आहे. गिरणगावात आणि पुढे प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सावकाराच्या विळख्यातून माणसे सुटली ती तिच्यामुळे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिल्यास मालकाला त्याच्या पगारातून संस्थेचा हप्ता कापून द्यावा लागतो. जुन्या कायद्यात पतपेढीची वजावट असेल तेव्हा निम्म्याऐवजी पाऊणपर्यंत कापण्याची मुभा होती. संहितेने ती काढून सरसकट निम्मे केले.

वरवर पाहता हा कामगाराचा लाभ. पण नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या पगारातून पतपेढीला कमी मिळाले, तर उरलेले कोण भरणार? जामीनदार. आणि जामीनदार कोण? बाजूच्या यंत्रावरचाच कामगार. एकाच्या वेतनाचे रक्षण करताना दुसऱ्याच्या वेतनावर बोजा पडतो. तरीही मी निम्म्याच्याच बाजूचा आहे. कारण ज्याची नोकरी गेली त्याच्या घरात पुढच्या महिन्यात काहीच येणार नसते; जामीनदाराच्या घरात निदान पगार येत असतो, आणि त्याला हप्ते बांधून घेता येतात. परंतु हा निर्णय जामीनदारांच्या सभेत बोलून घ्यावा लागेल. 'कायदा असा आहे' एवढे सांगून पतपेढीच्या सभासदांची तोंडे बंद करू नका. आणि मालकाची नोटीस, बूट, व्हर्निअर या वजावटींनी निम्म्याचा वाटा आधीच भरून गेला की पतपेढीसाठी जागाच उरत नाही, हेही त्या सभेत सांगा. मग सभासदांचा राग योग्य दिशेला वळेल.

ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी हे वेतनाच्या हिशेबात मिसळू देऊ नका. निधीतील रकमेवर मालकाच्या येण्याचा हात पोहोचत नाही. ती जप्तही होत नाही. ग्रॅच्युइटी रोखण्याची मुभा १९७२ च्या कायद्यात मोजक्याच प्रसंगी होती आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आहे: हेतुपुरस्सर कृत्याने वा हयगयीने नुकसान केल्याबद्दल सेवा संपविली असेल तर नुकसानीपुरती, आणि हिंसक वर्तन वा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढले असेल तर अंशतः वा पूर्ण. राजीनामा दिलेल्या माणसाला यातले काहीच लागू नाही. मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नैतिक अधःपतनाच्या बाबतीत फौजदारी शिक्षा झालेली असणे आवश्यक नाही असे ठरविले. म्हणजे खातेचौकशीवरच ग्रॅच्युइटी जाऊ शकते. त्याच निकालात एस. टी. महामंडळाच्या वाहकांची प्रकरणे होती. भाड्याच्या रकमेच्या अपहारासाठी सगळी ग्रॅच्युइटी जप्त केली होती, ती न्यायालयाने पंचवीस टक्क्यांपुरती खाली आणली. यापुढे खातेचौकशी म्हणजे केवळ नोकरीचा नव्हे, तर साऱ्या आयुष्याच्या शिलकीचा प्रश्न आहे, हे समजून ती लढविली पाहिजे.

सरकारी आणि निमसरकारी क्षेत्रातील साथींसाठी एवढेच सांगतो: चुकून जादा दिलेले वेतन निवृत्तीच्या तोंडावर वसूल करण्याची चाल तेथे फार आहे. २०१४ च्या डिसेंबरात पंजाब सरकारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या अथवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असे सांगितले आहे.

आता वजा बाजूवरून जमा बाजूकडे या. मालक कामगाराचे काय देणे लागतो, हा प्रश्न त्या हिशेबाच्या कागदावर कधीच नसतो. ज्या निधीसाठी पगारातून दरमहा रक्कम कापली गेली तो निधी भरलेला आहे काय? कापून न भरणे हा फौजदारी विश्वासघात आहे. जादा कामाचे दुप्पट दराने दिले काय? बोनस? १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांनी आपल्या देण्यासाठी किती वर्षे दारे झिजविली, हे येथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरचेच उदाहरण आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत दिवाळे निघालेल्या कंपनीच्या कामगारांचे मागील चोवीस महिन्यांचे देणे तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीला बसविले आहे. ऐकायला बरे वाटते. पण मालकाचे येणे दोन दिवसांत शंभर टक्के वसूल, आणि कामगाराचे येणे रांगेत, वर्षानुवर्षांनी, मिळेल तेवढे, हे प्रमाण त्याने बदलत नाही.

आणि या कायद्याच्या उजेडाच्या पलीकडे जे आहेत त्यांचे काय? ऊसतोड कामगार घ्या. हंगामाआधी मुकादमाकडून जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल मिळते. हंगामभर टनामागे मजुरी त्या उचलीत वळती होत जाते. साखरपट्ट्यातून परतताना जो हिशेब होतो तोच त्यांचा शेवटचा पगार. आणि तो बहुधा शून्य अथवा उणे असतो. उणे राहिलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि माणूस त्या बाकीबरोबर पुन्हा फडावर जातो. येथे 'खाडा' हा गिरणीतला शब्द अजून जिवंत आहे: एका दिवसाच्या गैरहजेरीला दिवसाच्या कमाईहून मोठा दंड. मासिक पाळीत वा दुखण्यात खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. वजावट या शब्दाचा हा अर्थ कोणत्याही संहितेच्या व्याख्येत सापडणार नाही. कर्ज फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाण्याचे स्वातंत्र्य नसणे याला १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे. मुकादमाच्या वहीतली बाकी त्या कायद्याखाली का तपासली जात नाही, हा प्रश्न आपल्या ग्रामीण शाखांनी हाती घेण्याजोगा आहे. शहरात घरोघर खाणे पोहोचविणारी मुले आहेत. त्यांना तर सामाजिक सुरक्षा संहितेने मालक-नोकर संबंधाबाहेरचेच ठरविले आहे. खाते बंद झाले की त्यांचा शेवटचा पगार कोणाकडे मागावयाचा हेही त्यांना समजत नाही.

शेवटी कामाच्या गोष्टी. पहिली, 'सर्व हिशेब मिळाला, कोणतीही तक्रार नाही' या कागदावर सही करू नये. पैशाची निकड असेल आणि सही केल्यावाचून पैसे मिळतच नसतील, तर सहीशेजारी 'वजावटी मान्य नाहीत, हक्क राखून' असे स्वहस्ते मराठीत लिहून तारीख घालावी आणि कागदाचे छायाचित्र घ्यावे. सही झाली असली तरी हताश होण्याचे कारण नाही; कायद्याने दिलेला हक्क सोडणारा करार संहितेतही रद्दबातलच आहे. दुसरी, प्रत्येक वजावटीचा आधार मालकाकडे लेखी मागावा: कोणते कलम, कोणत्या तारखेची नोटीस, म्हणणे केव्हा ऐकले. दंड असेल तर तो नोंदवहीत आहे काय, आणि दंडाची रक्कम कामगारांच्या हिताच्या मंजूर कामावर खर्च झाली काय, हेही विचारावे. दंड मालकाच्या नफ्यात जमा होत नसतो. तिसरी, ठेकेदाराने हात वर केले तर मुख्य मालकाला सोडू नये. ठेका कामगाराच्या वेतनाची जबाबदारी शेवटी त्याच्यावर येते. चौथी, अर्ज कामगाराला एकट्यालाच करावा लागतो असे नाही, तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे तीही करू शकते; आणि वजावट बेकायदा ठरली तर मूळ रकमेखेरीज दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहा पट मिळेलच असे सांगून कोणाला आशेला लावू नका, परंतु अर्जात मागणी दहा पटींचीच करा.

मघाशी ज्या कागदाची गोष्ट सांगितली, तशा कागदांवरून अर्ज कसा लिहावयाचा हे पुढच्या बैठकीत प्रत्यक्ष करून पाहू. प्रत्येक शाखेने आपल्या भागातले दोन-तीन हिशेबाचे कागद आणि शक्य असल्यास त्या कामगाराचे नेमणूकपत्र व गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या सोबत आणाव्यात. पतपेढीत काम करणारे साथी येणार असतील तर त्यांनी जामीनदारीच्या नमुन्याची एक प्रत आणावी.